सत्तावीस नंबरचं रक्त

१

मंगळवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चोरी उघडकीला आली. चोरीला गेलेला ऐवज: एक ठिपका. रंग निळा. आकार तिळाएवढा.

"या आलेखावर चाळीस ठिपके हवेत," कुरोसे-सान म्हणाल्या. "मी दोनदा मोजले. एकोणचाळीस भरतात. एक कुणी नेला?"

खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि त्यांनी नेला नव्हता.

"मी," मी म्हणालो.

गुन्हेगार असा पहिल्याच पानावर कबूल झाला की रहस्यकथेची पंचाईत होते. पण माझा गुन्हा किरकोळ होता. खरा गुन्हा अजून व्हायचा होता, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, आणि तो करणाऱ्या कुणालाही आपण गुन्हा करतोय हे ठाऊक नव्हतं.

मी उकाई. वय सव्वीस, नोकरीचं तिसरं वर्ष. कुरोसे-सान गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या. आम्ही त्यांना फुलं दिली, भाषणं केली, एकजण रडलासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या त्याच खुर्चीत बसल्या होत्या. रुग्णालयाने त्यांना कमी पगारावर परत घेतलं होतं. फुलं अजून टवटवीत होती. त्यांचं काम एकच: यंत्रं खरं बोलतात की नाही ते पाहणं.

आमच्याकडे रक्तातलं टीएसएच नावाचं हार्मोन मोजणारी दोन यंत्रं होती. जुनं चौदा वर्षांचं. त्याला आम्ही आजोबा म्हणायचो. नवं एकवीस दिवसांपूर्वी आलं होतं, चकचकीत, कमी बोलणारं आणि सगळ्यांनी कौतुक करावं अशी अपेक्षा ठेवणारं. त्याचं नाव घरजावई. आजोबांच्या जागी जावई बसवायचा तर आधी चाळीस माणसांचं उरलेलं रक्त दोघांनाही मोजायला द्यायचं, अशी रीत आहे. आजोबांचा आकडा आडवा मांडायचा, जावयाचा उभा. दोघांचं जुळत असेल तर ठिपके शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे एका तिरक्या रेषेत येतात.

एकोणचाळीस आले. सत्तावीस नंबरचा मात्र खाली उजव्या कोपऱ्यात एकटाच उभा होता, चुकीच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा. आजोबा म्हणत होते अठरा पॉइंट चार. जावई म्हणत होता एक पॉइंट सहा.

"चाळीसमधला एखादा फटकून असला तर वगळायची मुभा आहे," मी म्हणालो. "नियमात बसतं."

"बसतं. कारण लिहून. तू काय कारण लिहिलंस?"

मी 'अज्ञात' असं लिहिलं होतं.

"अज्ञात हे कारण नाही, उकाई-कुन. तो पत्ता आहे. कारण तिथे राहतं." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "रक्त कुणाचं हे?"

"कुणाचंच नाही. सत्तावीस नंबरचं."

तुलनेच्या नळ्यांवरून आम्ही नावं काढून टाकतो. खाजगीपणा जपायचा म्हणून काढतो, आणि मग त्या नळ्यांना माणसं होती हेच विसरून जातो. कुरोसे-सानकडे नावांची यादी होती. त्यांनी कपाट उघडलं, यादी काढली, मग संगणकावर काहीतरी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ओबिनाता फुमिए. वय त्रेसष्ट. शुक्रवारी नऊ वाजता सेंदाईच्या मोठ्या रुग्णालयात तिचं ऑपरेशन आहे. नाकातून वर जाऊन मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा तुकडा काढणार आहेत."

"का?"

"आजोबांनी अठरा पॉइंट चार सांगितलं म्हणून."

२

तोगाशी सेन्सेई ग्रंथितज्ज्ञ डॉक्टर आहेत. दोन रुग्णांच्या मधल्या तीन मिनिटांत ते भाताचा गोळा खातात आणि त्याच तीन मिनिटांत ते भेटतात.

"हे बघा," ते भरल्या तोंडाने म्हणाले, "गळ्यातली थायरॉइड म्हणजे कामगार. मेंदूच्या तळाची पीयूषिका म्हणजे मुकादम. टीएसएच म्हणजे मुकादमाचा ओरडा. कामगार आळशी झाला की ओरडा वाढतो. साधारण साडेचारच्या आत असावा. या बाईंचा अठरा. पण कामगार तर नीट काम करतोय! मग मुकादम कशाला ओरडतोय?"

"मुकादमाचं डोकं फिरलंय," मी म्हणालो.

"बरोबर. आम्ही एमआरआयने चित्र काढलं. पीयूषिकेत चार मिलिमीटरचा डाग दिसला. आणि कुरोसे-सान, टीएसएच मी एकदा नाही, तीनदा तपासलंय. तीनदा अठराच्या आसपास."

"तीनही वेळा कुठल्या यंत्रावर?"

"तुमच्याच."

"एकाच साक्षीदाराला तीनदा विचारलं म्हणून तीन साक्षीदार होत नाहीत, सेन्सेई. दुसरा साक्षीदार म्हणतो ओरडा नाहीच."

सेन्सेईंनी चघळणं थांबवलं. "दुसरा म्हणजे तो नवा जावई? कधी आला तो?"

"एकवीस दिवस झाले."

"एकवीस दिवसांच्या जावयाच्या शब्दावर मी सेंदाईच्या सर्जनला फोन करू? आणि उद्या डाग वाढून तिची नजर गेली तर? दोन आकडे वेगळे आहेत हे ऐकून कुणी थांबणार नाही. कोण खोटं बोलतंय आणि का, दोन्ही हवं मला. गुरुवारी दुपारी बारापर्यंत. मग त्या भरती होतील, आणि भरती झालेलं माणूस म्हणजे निघालेली गाडी."

दाराबाहेर पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं गेलं. गोळा संपला होता.

प्रयोगशाळेत जावयाचे विक्रेते नागुमो-सान आले होते. ते भेटतील तिथे इतकं वाकतात की त्यांच्या डोक्यावरचा भोवरा मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

"नागुमो-सान," कुरोसे-सान म्हणाल्या, "तुमचं यंत्र खोटं बोलतं का?"

भोवरा जागच्या जागी थिजला.

"कंपनीच्या वतीने सांगायचं तर... नाही."

"आणि तुमच्या स्वतःच्या वतीने?"

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच मला त्यांचे डोळे दिसले. चांगले होते. "बायोटिनला फसतं," ते हळूच म्हणाले. "केसांच्या गोळ्यांत असतं ना, ते. आमच्या यंत्रात हार्मोन पकडून ठेवायला जो डिंक वापरलाय तो बायोटिनचाच. माणसाने ढीगभर बायोटिन खाल्लं असेल तर डिंक त्यातच गुंततो, हार्मोन निसटतं आणि आकडा खोटाच कमी येतो. माहितीपत्रकात आहे. अकराव्या पानावर. बारीक अक्षरात."

"धन्यवाद. तुम्ही प्रामाणिक आहात."

"कृपया वरिष्ठांना सांगू नका," नागुमो-सान म्हणाले आणि पुन्हा वाकले.

म्हणजे सगळं एका बाटलीवर येऊन ठेपलं होतं. ओबिनाता-बाई केसांच्या गोळ्या घेत असतील तर जावई लबाड, आजोबा खरे, आणि शुक्रवारचं ऑपरेशन योग्य. कुरोसे-साननी स्वतः फोन केला. बुधवारी सकाळी आठला बाई रक्त द्यायला येणार होत्या.

"येताना घरातल्या सगळ्या गोळ्या आणा," कुरोसे-सान फोनवर म्हणाल्या. "हो, सगळ्या. डब्यातल्या, खिशातल्या, गादीखालच्यासुद्धा."

३

ओबिनाता-बाई पावणेआठलाच आल्या. काळा पोशाख, काळी पर्स, त्यावर एक कागदी पिशवी. चेहरा असा की जगाला आपला त्रास होऊ नये म्हणून त्या श्वाससुद्धा थोडा कमी घेत असाव्यात.

"तुम्हाला पुन्हा काम पडलं माझं, फार वाईट वाटतं हो," त्या बाही वर करत म्हणाल्या. "ऑपरेशनची तयारी झालीये सगळी. यांच्यासाठी दहा दिवसांचं जेवण डब्यांत भरून गोठवून ठेवलंय. वर चिठ्ठ्या लावल्यात. यांना चिठ्ठी नसेल तर वांगं आणि मासा ओळखता येत नाही."

"भीती वाटते का?" मी विचारलं. सुई टोचताना मी काहीतरी विचारतो. उत्तर द्यायच्या नादात दुखत नाही.

"सर्जन म्हणाले, वास यायचा बंद होऊ शकतो काही जणांचा. मी म्हटलं, असू दे." त्या थांबल्या. "पण घरी आल्यावर, आंघोळ करताना, एकदम रडूच आलं. कशाला ते कळलंच नाही. साबणाचा वास येत होता, बस्स."

मी नळी बदलली. त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर आणि पहिल्या बोटांवर पांढुरके बारीक ठिपके होते, जोडीजोडीने. शिवणकामाची सुई, मी मनात नोंद केली. माझं निरीक्षण चांगलं आहे. निष्कर्षांचंच काय ते वावडं आहे.

मग त्यांनी पिशवी उपडी केली. पोटाची गोळी, गुडघ्याची गोळी, आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातीतली एक ढब्बू बाटली. वर एका केसाळ माणसाचं चित्र. खाली मोठ्या अक्षरात: बायोटिन.

मी बाटली उचलून कुरोसे-सानकडे पाहिलं. एखादा गुप्तहेर पाहतो तसं पाहिलं. खटला संपला होता. जावई खोटारडा. पुढच्याच क्षणी लक्षात आलं, त्याचा अर्थ ऑपरेशन होणार असा होता.

"किती दिवस घेताय या?" कुरोसे-साननी विचारलं.

"मी? छे हो. या यांच्या. तुम्ही सगळ्या आणा म्हणालात ना. दोन वर्षं घेतायत. म्हणतात, बघ, गळायचे थांबले! मी म्हटलं, गळायला उरलेत कुठे?"

"तुम्ही एकही खाल्ली नाही?"

"नऊशे येनला तीस गोळ्या! मी घेईन होय?"

मी बाटली खाली ठेवली. केसाळ माणूस माझ्याकडे पाहून हसत होता.

बाईंना घाई होती. साडेदहाला कुठेतरी पोचायचं होतं. दंडावर कापसाचा बोळा चिकटवून, चार वेळा वाकून, पुन्हा माफी मागून त्या गेल्या.

ताजं रक्त दोन्ही यंत्रांत घातलं. आजोबा: अठरा पॉइंट सहा. जावई: एक पॉइंट सहा. म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली नव्हती. गोळ्यांचाही हात नव्हता. दोघंही पुन्हा आपापल्या शब्दाला जागले होते, आणि दोघांतला एक खोटं बोलत होता.

४

"आता उलटतपासणी," कुरोसे-सान म्हणाल्या.

त्यांनी बाईंचं रक्तद्रव घेतलं आणि त्यात तेवढंच पाणीदार द्रावण मिसळलं. निम्मं पातळ. मग त्याच्याही निम्मं. सोबत अकरा नंबरची नळी ठेवली. अकरा नंबरच्या गृहस्थांची थायरॉइड खरोखरच आळशी आहे. त्यांचा आकडा दोन्ही यंत्रं बावीस सांगतात.

"हार्मोन खरंच असेल तर पाणी घातल्यावर काय होईल?"

"निम्मं पाणी, निम्मा आकडा."

"आणि नसेल तर?"

याचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी विचारमग्न दिसलो.

आधी जावई. एक पॉइंट सहा. पॉइंट आठ. पॉइंट चार. शिस्तीत. अकरा नंबर आजोबांकडे: बावीस, अकरा, साडेपाच. तेही शिस्तीत. मग ओबिनाता-बाईंचं रक्त आजोबांकडे. अठरा पॉइंट सहा. मी दुसऱ्या आकड्याची वाट पाहत राहिलो. नऊ पॉइंट तीन यायला हवं होतं.

पंधरा पॉइंट एक.

तिसरा: अकरा पॉइंट आठ.

यंत्राचा पंखा फिरत होता. मला वाटलं, घरातल्या सगळ्यात सज्जन माणसाला कुणी भलत्याच ठिकाणी पाहावं आणि नजर वळवावी, तसं झालंय. पाणी घातल्यावर खरी वस्तू पातळ होते. ही होत नव्हती. आजोबा जे मोजत होते ते हार्मोन नव्हतंच.

"चौदा वर्षं," कुरोसे-सान हलकेच म्हणाल्या. "अकरा नंबरशी खरं बोलतात. एकोणचाळीस जणांशी खरं बोलतात. एका बाईशी खोटं. का?"

"एवढं पुरे नाही का? सेन्सेईंना सांगू, आजोबा लबाड."

"सेन्सेई विचारतील का. सर्जन विचारेल का. 'अज्ञात' लिहून देणारेस?" त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कोट काढला. "गाडी काढ. साडेदहाला शेतकी संशोधन केंद्रात स्मृतिसभा आहे. मी दरवर्षी जाते."

"आत्ता? उद्या बाराला मुदत संपते!"

"म्हणून तर. तिथे मला सुचतं."

त्या स्मृतिसभेबद्दल मी ऐकून होतो. वर्षभरात प्रयोगांसाठी जीव गेलेल्या प्राण्यांसाठी केंद्राच्या मागच्या दगडापाशी दर ऑक्टोबरात उदबत्ती लावतात. कुरोसे-सान जातात, कारण आमच्या तपासणीच्या डब्यांतली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, उंदरांकडून आलेली असतात. प्रत्येक आकड्यामागे एक उंदीर आहे, असं त्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात. मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. त्या हसल्या नव्हत्या.

दगडापुढे तीसेक माणसं होती. कुणी सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या होत्या, कुणी सफरचंदाच्या फोडी. केंद्राच्या संचालकांनी चीज ठेवलं होतं, यावरून ते उंदरांपासून किती लांब बसतात ते कळत होतं. रांगेत सगळ्यात पुढे, काळ्या पोशाखात, एक बाई गुडघ्यांवर बसून मुठीतले दाणे एकेक करून मांडत होत्या. प्रत्येक दाणा जरा आधीच्यापासून लांब, कुणाची भांडणं होऊ नयेत असा.

त्यांच्या वर सरकलेल्या बाहीखाली, दंडावर कापसाचा बोळा होता.

कुरोसे-सानच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. राख त्यांच्या बुटावर पडली.

५

"अडतीस वर्षं," ओबिनाता-बाई म्हणाल्या. आम्ही दगडामागच्या बाकावर बसलो होतो. "बाविसाव्या वर्षी लागले इथे. पिंजरे धुवायचे, पाणी बदलायचं, दाणे घालायचे. वर्षाला दहाएक हजार उंदीर यायचे हाताखालून. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण दर शनिवारी येते. नव्या मुलींना धरायला शिकवते."

"चावायचे?" कुरोसे-साननी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"चावणारच की. ते घाबरलेले असतात." बाईंनी बोटं पुढे केली. जोडीजोडीने पांढुरके ठिपके. "हातमोजे देतात. पण मोजे घातले की त्यांची धडधड लागत नाही हाताला. मी काढून ठेवायचे. साहेब ओरडायचे. आता सांगायला हरकत नाही."

कुरोसे-साननी तो हात दोन्ही हातांत घेतला. आमच्याकडे कुणी असा हात धरत नाही. बाई गोंधळल्या, पण त्यांनी सोडवला नाही.

"तुम्हाला एक सांगते," कुरोसे-सान म्हणाल्या. "आमचं जुनं यंत्र हार्मोन कसं मोजतं माहितीये? भिंतीला चिकटलेले बारीक बारीक हात असतात. तुमच्या रक्तातलं हार्मोन आलं की एक हात त्याला पकडतो. मग दुसरे हात येतात. त्यांच्यात दिवे असतात. ते हार्मोनला दुसऱ्या बाजूने धरतात. मग सगळं धुऊन टाकायचं आणि लटकलेले दिवे मोजायचे. जेवढे दिवे, तेवढं हार्मोन."

"बरं."

"ते हात उंदरांचे असतात. उंदराच्या रक्तातून काढलेले."

बाईंनी मोकळ्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला दिसायला लागलं होतं.

"अडतीस वर्षं उंदीर तुम्हाला चावले. थोडं थोडं उंदीरपण तुमच्या रक्तात गेलं. आणि रक्त विसरत नाही, ओबिनाता-सान. त्याने उंदीर ओळखायला शिकून घेतलं. त्याने स्वतःचे हात तयार केले, उंदीर दिसला की धरणारे. आम्ही तुमचं रक्त यंत्रात घातलं. तिथे त्याला काय दिसलं? भिंतीवर उंदराचे हात. दिव्यांमागेही उंदराचे हात. त्याने एका हाताने भिंतीवरचा धरला, दुसऱ्या हाताने दिवावाला. मध्ये हार्मोन नाही. नुसती ओळख. पण दिवा लटकला."

"आणि आजोबांनी दिवे मोजले," मी म्हणालो.

"आजोबा खोटं बोलतच नव्हते. त्यांनी दिवे मोजले. दिवे खरेच होते."

"मग जावई?" मी विचारलं. "त्याच्याकडे उंदीर नाहीत?"

"त्याचे हात निम्मे माणसाचे करून घेतलेत. वर डबीत परक्या उंदरांचं रक्तद्रव आधीच ओतून ठेवतात, रक्ताला कुणाला धरायचंच असेल तर त्यांना धरावं म्हणून. नागुमो-सानच्या पत्रकात आहे. नवव्या पानावर. मी वाचलं होतं, पण उंदीर ओळखणारं माणूस कोण ते मला ठाऊक नव्हतं."

दगडापुढे चिमण्या उतरल्या होत्या. मला विनोद सुचत होते, नेहमीसारखे, रांगेने. मी एकही तोंडातून काढला नाही. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, आणि तिच्या नसांतून तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाची ओळख फिरत होती. आम्ही ती अठरा पॉइंट चार अशी लिहून डॉक्टरांकडे पाठवली होती.

"म्हणजे माझं ऑपरेशन?" बाईंनी विचारलं. माफी मागितल्यासारखं नाही. सरळ.

"अजून सिद्ध करायचंय," कुरोसे-सान उठल्या. "मला इथल्या एका निरोगी उंदराचं थोडं रक्तद्रव हवंय. अर्धा चमचासुद्धा नको."

"देतील. मी सांगते," ओबिनाता-बाई म्हणाल्या आणि आमच्या पुढे चालायला लागल्या. पहिल्यांदाच त्या कुणाची परवानगी न विचारता चालत होत्या.

६

गुरुवारी पावणेबारा. तोगाशी सेन्सेईंच्या टेबलावर भाताचा गोळा आणि त्याशेजारी आमचा कागद.

"दोन नळ्या," कुरोसे-सान म्हणाल्या. "एक ओबिनाता-सानची, एक अकरा नंबरची. दोन्हींत उंदराचं रक्तद्रव मिसळलं, भरपूर. तासभर ठेवलं. बाईंच्या रक्तात उंदीर ओळखणारे हात असतील तर ते त्यातच गुंततील, यंत्रातल्या हातांना धरायला मोकळे उरणार नाहीत. मग दोन्ही नळ्या आजोबांना दिल्या."

"अकरा नंबर?"

"आधी बावीस. नंतरही बावीस. उंदराच्या रक्ताने खऱ्या हार्मोनला काही होत नाही."

"आणि बाई?"

कुरोसे-साननी कागद फिरवला. सेन्सेईंनी वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

आधी: अठरा पॉइंट सहा. नंतर: एक पॉइंट सात.

काल संध्याकाळी तो आकडा पडद्यावर आला तेव्हा मी तिथे होतो. नागुमो-सानही होते, टोनरचं कारण काढून आलेले. कुणी ओरडलं नाही. नागुमो-सान वाकले, नेहमीपेक्षा खोल, आणि बराच वेळ वर आले नाहीत. ते आजोबांपुढे वाकले होते. प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्रापुढे. याची माहिती त्यांच्या वरिष्ठांना देऊ नये.

"मुकादम ओरडतच नव्हता," सेन्सेई म्हणाले.

"नाही."

"मग तो डाग?"

"दहातल्या एकाच्या डोक्यात असा निरुपद्रवी डाग असतो, तुम्हीच शिकवता. तुमच्याही असेल."

"माझी बायको म्हणते तसं." सेन्सेईंनी गोळा बाजूला सारला. "वर्षभराने चित्र पुन्हा काढू. पण..." ते थांबले. "उद्या आम्ही तिच्या डोक्यात शिरलो असतो, कुरोसे-सान. सगळे कागद बरोबर होते. सगळ्यांच्या सह्या होत्या."

त्यांनी फोन उचलला. सेंदाईचा सर्जन तिकडून काहीतरी विचारत असावा, कारण सेन्सेई तीन वेळा म्हणाले, "उंदीर. हो. उंदीर. नाही, मी बरा आहे."

शुक्रवारी नऊ वाजता ओबिनाता-बाई सेंदाईच्या टेबलावर असणार होत्या. त्याऐवजी त्या नऊला आमच्या दारात उभ्या होत्या, सोबत नवरा आणि गोड बिस्किटांचा खोका. आम्हा सगळ्यांना एवढा त्रास दिला म्हणून. नवऱ्याचं डोकं इतकं स्वच्छ होतं की छताचे दिवे त्यात मोजता आले असते.

"दहा दिवसांचं जेवण गोठवलेलं आहे," बाईंनी मला हळूच सांगितलं. "आता आम्ही दोघं बसून चिठ्ठ्या वाचत खातोय."

कुरोसे-साननी बाईंना एक छोटं कार्ड दिलं, पाकिटात ठेवायला. पुढे कुठल्याही डॉक्टरने रक्त तपासायला घेतलं की आधी हे दाखवायचं. त्यावर लिहिलं होतं की या व्यक्तीच्या रक्तात उंदराविरुद्धची प्रतिपिंडं आहेत, आकडा विचित्र आला तर दुसऱ्या पद्धतीने मोजावा.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "विरुद्ध असं का लिहिलंय?"

"तसाच शब्द आहे," कुरोसे-सान म्हणाल्या. "मलाही आवडत नाही."

"हे जाईल का कधी? रक्तातून?"

"शनिवारी जायचं थांबवलंत तर कमी होईल. पूर्ण जाईल असं वाटत नाही."

"मग थांबवत नाही," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, लांब धरून वाचलं, मनात काही हिशेब केला. "म्हणजे इतकी वर्षं घरात मी आणि पावणेचार लाख उंदीर राहतोय," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही."

बाईंनी कार्ड परत घेऊन पाकिटात नीट सरकवलं.

"तुम्ही नंतर आलात," त्या म्हणाल्या.